कॉलेज हाक मारत नाही

प्रश्न : मी तलासरी तालुक्यातली. आश्रमशाळेतून यंदा बारावी आर्ट्स झाले. घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. पाड्यावरचे दोन दादा कॉलेज करून आलेत. दोघंही म्हणतात, ‘आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.’ काय कळलं असतं, ते मात्र नीट सांगत नाहीत. ते नेमकं काय असतं? ता. क. : कॉलेजसाठी नवा मोबाईल घ्यावाच लागतो का? बाबा विचारतायत.
– एक वाचक, उधवा

उत्तर : तुझ्या दादांना लपवायचं काही नसावं. सांगायला बसलं की ते फार किरकोळ वाटतं, म्हणून सांगत नसतील. ‘पैसे भलत्याच खात्यात गेले’, ‘फॉर्मची तारीख निघून गेली’, ‘एफवायचा एक पेपर राहिला होता’. एवढ्याशा गोष्टीपायी वर्ष गेलं, हे चारचौघांत कोण कबूल करील? त्यापेक्षा ‘अभ्यासात लक्ष नव्हतं’ म्हटलं की सुटका होते.

पण या किरकोळ गोष्टींच्या मुळाशी एक मोठी गोष्ट आहे. तुमच्या भागात शिक्षण पाड्यापर्यंत चालत आलं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात भरू लागली. गुरं राखणारी पोरं शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून शाळा कुरणात गेली. तिचं नावच कुरणशाळा. आश्रमशाळेचंही तसंच. राहायला तिथेच, जेवायला तिथेच, घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की झोपायचं. दिवाळीनंतर मूल परत आलं नाही तर गुरुजी पाड्यावर येऊन चौकशी करतात.

कॉलेज ही पहिली जागा, जिथे तुला शोधत कुणी येणार नाही. सूचना फळ्यावर लागते किंवा व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पडते. तू वाचलीस की नाही, हे कुणी बघत नाही. तू आठवडाभर गेली नाहीस तरी घरी निरोप येत नाही, सत्राच्या शेवटी हजेरी कमी भरलेल्यांच्या यादीत नाव तेवढं दिसतं. प्राध्यापकांचा तुझ्यावर राग नसतो. वर्गात इतकी मुलं असतात की त्यांना तुझं नावच माहीत नसतं. म्हणून जाऊन विचारावं लागतं. आणि नेमकं हेच आश्रमशाळेत शिकायचं राहून जातं, तिथे न विचारणारं मूल शहाणं ठरतं.

आता पैशांचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त हळहळ इथे असते. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क मागू नये, असे शासनाचे आदेश आहेत. खिडकीवर कुणी मागितलंच तर ‘मी शिष्यवृत्तीची आहे’ एवढं सांग. घाबरून परत फिरू नकोस. अर्ज एकदा भरला म्हणजे तीन वर्षांची चिंता मिटली, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. दर वर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. दुसऱ्या वर्षी ‘शिष्यवृत्ती बंद झाली’ म्हणणाऱ्या कितीतरी मुलांनी तो भरलेलाच नसतो.

खात्याची गंमत तर आणखी वेगळी. बँकेत आधारची झेरॉक्स दिली की खातं आधारला जोडलं, असं आपण धरून चालतो. पण हे पैसे तुझ्या आधार क्रमांकाच्या मागोमाग येतात आणि तो क्रमांक पैसे घेण्यासाठी एका वेळी एकाच बँकेला जोडलेला असतो, सगळ्यात शेवटी जिथे जोडला गेला तिथे. समज, तलासरीच्या बँकेत तुझं जुनं खातं आहे. मधे बाजाराच्या दिवशी छत्री लावून सिमकार्डं विकणाऱ्या पोराने अंगठा घेऊन ‘ताई, हे पण फुकट आहे’ म्हणत मोबाईलवर दुसरं खातं उघडून दिलं. तू विसरलीस. शिष्यवृत्ती त्या खात्यात जाऊन पडते, आणि तू जुनं पासबुक घेऊन रांगेत. पैसे बुडालेले नसतात, पण वेळेला हातातही नसतात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ असतं, ते अर्ज भरण्याआधी बघ. बँकेत विचारलंस तरी चालेल, फक्त ‘आधार लिंक आहे का’ असं मोघम विचारू नकोस. ‘माझे डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे कुठल्या बँकेत जातील’ असं विचार.

कागदपत्रांसाठी जूनची वाट पाहू नकोस. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार : पाचही शेजारी शेजारी मांड आणि त्यांवरची नावं एकदा मोठ्याने वाच. एकावर वडील लक्ष्मण, दुसऱ्यावर लखमा, तिसऱ्यावर इंग्रजीत भलतंच स्पेलिंग, असं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्यायचं. जात वैधता प्रमाणपत्र बी.ए.ला लगेच कुणी मागणार नाही. पुढे बी.एड.ला, नर्सिंगला किंवा राखीव जागेवरच्या नोकरीला मागतील, आणि तेव्हा धावपळ होईल. समितीला १९५० पूर्वीचे पुरावे लागतात, आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला असेल तर उत्तम. आता आजोबा शाळेतच गेले नव्हते, तर दाखला कुठून आणायचा? मग जुने महसुली कागद, जन्म-मृत्यूच्या नोंदी, नातेवाइकांपैकी कुणाला वैधता मिळाली असेल तर तिची प्रत, अशी शोधाशोध सुरू होते. तिला महिने लागतात. पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत सुरू केलीस तर तिसऱ्या वर्षी रडायची पाळी येणार नाही.

शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर शिक्षण सोडावं लागतं, असंही काहीजण समजतात. अशा मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे. राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात येतात (म्हणजे पुन्हा खात्याचाच प्रश्न). डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी कर. एकटीने जायचा संकोच वाटत असेल तर मैत्रिणीला घेऊन जा, पण बोलायचं तू.

केटीबद्दल मुलं फार बेफिकीर असतात. एक विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसता येतं, मग काय बिघडलं? मुंबई विद्यापीठात वर्षानुवर्षं चालत आलेला नियम असा, की पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात जाता येत नाही. एसवाय आनंदात जातं आणि टीवायच्या दारात मुलगा अडकतो. तुझ्या दादांपैकी एकाचं बहुधा हेच झालं असावं. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीची रचना बदलली आहे, तेव्हा तुझ्या वर्षाला नेमका काय नियम आहे, हे पहिल्याच महिन्यात कार्यालयातून विचारून वहीत लिहून ठेव.

भाषेची भीती आर्ट्सला कमी. बहुतेक विषयांची उत्तरं मराठीतून लिहिता येतात. बोर्डीच्या कॉलेजात सायन्सला जाणाऱ्यांची गोष्ट निराळी, तिथे पहिल्या दिवसापासून इंग्रजी. घरी वारली किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलांची मराठीसुद्धा शिकून आलेली असते, हे पुष्कळ प्राध्यापकांच्या ध्यानात येत नाही. तू मात्र ते कमीपणाचं मानू नकोस.

तारखांबद्दल एक. बी.एड., तीन वर्षांचं लॉ यांना सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा लागते, आणि तिचे अर्ज निकालानंतर नव्हे, आदल्या हिवाळ्यातच सुटायला लागतात. २०२४ पासून तर बीएमएस, बीसीएसारख्या अभ्यासक्रमांनाही सीईटी आली. पदवीचा निकाल हातात घेऊन जूनमध्ये ‘आता बी.एड. करतो’ म्हणणाऱ्याला वर्षभर थांबावं लागतं. त्या वर्षात तो वापीला किंवा उंबरगावला कंपनीत लागतो, ठेकेदाराकडे रोज सुटतो, हातात पैसा खेळू लागतो, आणि मग पुस्तक उघडणं अवघड होतं. कंपनीत जाणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. घरची गरज मोठी असते. पण ते ठरवून केलेलं असावं, तारीख चुकली म्हणून नको.

मुंबईच्या कॉलेजचं स्वप्न असेल तर एवढंच बघ : राहायची सोय आधी. डहाणू ते चर्चगेट लोकल २०१३ पासून धावते खरी, पण ते अंतर सव्वाशे किलोमीटरच्या घरात आहे. विरारच्या पुढे गाड्या मोजक्या, आणि एक चुकली की पहिली दोन लेक्चर्स गेलीच. रोज ये-जा करून बी.ए. करण्यापेक्षा मी तलासरीचं कॉलेज निवडीन. वाचलेले तास वाचनालयात घालव.

त्या कॉलेजला कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकरांचं नाव आहे. त्या पुण्याकडच्या, कायद्याच्या पदवीधर, आणि १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध उठलेल्या वारल्यांबरोबर तुमच्याच पाड्यांतून पायी फिरलेल्या. त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पहिल्या आठवड्यात वाचनालयात जाऊन ते माग. पुस्तकात तुझ्या पणजोबांच्या काळचं तलासरी भेटेल. शिवाय काउंटरवरच्या अनोळखी माणसाशी बोलायची सवय होईल, तीही तुला हवीच आहे.

आता बाबांचा प्रश्न. नवा मोबाईल नको. पोर्टल उघडतं, पीडीएफ दिसते आणि फोटो वाचता येण्याइतका स्पष्ट येतो, एवढा जुना फोन पुरे. बदलू नये तो नंबर. स्वस्त प्लॅन मिळाला म्हणून मुलं दर सहा महिन्यांनी सिम बदलतात, आणि शेवटच्या तारखेला ओटीपी बंद पडलेल्या नंबरवर जातो. तुझ्या आधारला कुणाचा नंबर आहे, तेही बघून घे. भावाचा असेल आणि भाऊ वापीला रात्रपाळीत असेल, तर आत्ताच आधार केंद्रात जाऊन स्वतःचा लावून घे. त्यासाठी अंगठा तुझा लागतो, म्हणून बाबांना एकट्याला पाठवू नकोस.