बटणाने फक्त हुकूम द्यावा

अरे, स्टीअरिंगवरच्या बटणाने फक्त हुकूम द्यावा, भार वाहू नये. लोटस सेव्हनच्या धर्तीची गाडी तिकडे इंग्लंडात स्वतः जोडतोयस, तर हेडलाइटचं वायरिंग तरी जुन्या गाडीचं जसंच्या तसं उचलू नकोस. साधा हिशोब आहे. एच-फोर बल्ब हाय बीमला 60 वॅटचा, म्हणजे 12 व्होल्टला 5 अँपिअर. दोन्ही मिळून 10. एवढा करंट कुणाच्या तरी भंगारातल्या गाडीच्या झिजलेल्या बटणातून फिरवलास, तर वाटेतच व्होल्ट गळतात. बल्बला ते सोसत नाही. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड जवळजवळ तीस टक्के जातो. मग लोक 100 वॅटचे बल्ब कोंबतात, होल्डर वितळतात आणि समोरच्याचे डोळे दिपतात. तो मूर्खपणा आपल्याकडेही पुष्कळ पाहिलाय.

त्यापेक्षा भार रिलेवर टाक, बटणाने फक्त रिले चालू-बंद करावा. रिले दोन घे, लो बीमला एक, हाय बीमला एक. रिलेच्या 30 नंबरच्या पायाला बॅटरीचा प्लस, 87 वरून बल्ब. 85 आणि 86 ही कॉइल, ती पाव अँपिअरसुद्धा घेत नाही, म्हणून बटणापर्यंत बारीक वायर चालते. बल्बच्या वायरी मात्र जाड घे. पाच पायांचा रिले मिळाला तर मधल्या 87a ला हात लावू नकोस. रिले बंद असताना तो पाय जिवंत असतो.

मेन फ्यूज बॅटरीला चिकटून बसव, कारण त्याच्या अलीकडच्या वायरीला कुणी वाली नाही. शिवाय 87 नंतर डाव्या-उजव्या दिव्याला वेगळा फ्यूज दे. रात्री वळणावर एक उडाला तर दुसरा हवा.

डोनर गाडी, म्हणजे जिचं बटण आणि वायरिंग काढून घेतोयस ती, जपानी असेल तर आधी मीटर लाव, मगच वायर काप. त्यातल्या काहींमध्ये बटण प्लस नाही, अर्थ जोडतं-तोडतं. तसं असेल तर कॉइलच्या एका पायाला फ्यूजमधून प्लस दे आणि दुसरा बटणाकडे ने. हे न बघता बसलास तर दोन दिवस डोकं खाजवत राहशील.

आता अर्थ. दिवा मंद म्हटला की सगळे प्लसची वायर तपासतात, अर्थकडे कुणी बघत नाही. फायबरच्या मडगार्डाला अर्थ मिळत नाही, आणि चासीवर पावडर कोटिंग असतं, तेही करंट अडवतं. प्रत्येक दिव्यापासून प्लसइतक्याच जाडीची काळी वायर काढ, चासीचा रंग खरवडून थिंबल बोल्टने आवळ, वरून ग्रीस लाव. मग दिवे चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं बल्बच्या अर्थच्या पायाला लाव. दोन-तीन दशांश व्होल्टच्या वर दिसलं तर कुठेतरी सांधा कच्चा आहे. तसंच प्लसच्या बाजूलाही बघ.

दिवे विकत घेताना डावीकडून चालणाऱ्या देशाचे घे, आपल्यासारखेच. युरोपातल्या गाडीचे स्वस्त मिळतील, पण त्यांचा लो बीम समोरून येणाऱ्याच्या तोंडावर जातो. हाय बीमचा निळा दिवा डॅशबोर्डवर हवाच, तपासणीत तो बघतात.

रिले पाय खाली करून बसव, पाणी आत साचत नाही. आणि हॉर्नलाही त्याच जातीचा घे. रात्री लो बीमचा गेला तर हॉर्नचा उपसून तिथे लावता येतो.