मांगा द्यावी, पण कोणती?

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला मांगा-अ‍ॅनिमेचं (जपानी कॉमिक्स आणि अ‍ॅनिमेशनचं) वेड आहे. पण मध्येच अंगप्रदर्शन किंवा रक्तपात येतो. तिला काय द्यावं?

उत्तर : चित्रं गोंडस म्हणजे गोष्ट निरागस, असं धरून चालू नका. ‘मेड इन अ‍ॅबिस’मधल्या गोबऱ्या गालांच्या मुलांचे पुढे जे हाल होतात, ते मोठ्यांनाही बघवत नाहीत. मांगावरचा ‘शोनेन’ हा शिक्का अपेक्षित वाचक मुलगे आहेत एवढंच सांगतो. सोज्वळपणाची हमी देत नाही.

सुरुवात कियोहिको आझुमांच्या ‘योत्सुबा’ने करा. झोका, एसी अशा साध्या गोष्टींनी हरखणारी चिमुरडी आणि तिचे शेजारी, बस्स. मग हिरोमु आराकावांची ‘सिल्व्हर स्पून’. होक्काइदोतल्या कृषी शाळेतला मुलगा डुकराच्या पिल्लाला लळा लावतो, त्याचं नाव ठेवतो ‘पोर्क बाउल’, आणि शेवटी त्याचंच मांस विकत घेतो. आराकावा स्वतः दूधउत्पादक घरातल्या, त्यामुळे यात भडकपणा नाही. मुलगी हळवी असेल तर आधी सांगून ठेवा. त्यांचीच ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ उत्तम, पण हिंसक. दोनेक वर्षं थांबा.

बघायला घिबली स्टुडिओचा ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ (1989) हा चित्रपट. मात्र घिबलीचं नाव दिसलं की डोळे मिटून लावू नका : 1988मध्ये त्यांच्याच ‘टोटोरो’सोबत एकाच दिवशी आलेला ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ युद्धात उपासमारीने मरणाऱ्या भावंडांचा आहे.