कोरड्या दिसणाऱ्या जागेतलं पाणी

प्रश्न : घर बांधण्यासाठी आम्ही न्यू जर्सीत दीड एकराचा प्लॉट पाहिला आहे. मागच्या झाडीत मार्चमध्ये पाणी साचलेलं होतं, आता सगळं कोरडं आहे. विक्रेता म्हणतो, सरकारी नकाशात इथे पाणथळ जागा नाही आणि सुप्रीम कोर्टाच्या 2023 च्या निकालानंतर तसे निर्बंधही उरलेले नाहीत. व्यवहार करावा का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : करा, पण आधी खात्री करून घ्या. 2023 च्या त्या ‘सॅकेट’ निकालाने आकसली ती केंद्राच्या क्लीन वॉटर अ‍ॅक्टची व्याप्ती. न्यू जर्सीचा 1987 चा स्वतंत्र कायदा कायम आहे आणि नदी-ओढ्याला न जोडलेल्या पाणथळ जागाही त्यात येतात.

नकाशा निव्वळ अंदाजासाठी असतो. निर्णय होतो पाणी, माती आणि वनस्पती या तीन खुणांवर. पाणी बारमाही दिसलंच पाहिजे असं नाही. गिरमिटाने माती काढली आणि ती राखाडी, मध्ये गंजासारखे तांबूस ठिपके असलेली निघाली, तर ती बराच काळ पाण्याखाली राहते असं समजावं. झाडीत स्कंक कॅबेज ही ओल्या जागेत वाढणारी वनस्पती असेल, तर संशय आणखी बळावतो.

वेटलँड कन्सल्टंटकडून पाणथळीची हद्द आखून घ्या आणि राज्याच्या पर्यावरण खात्याकडून तिला दुजोरा देणारं ‘लेटर ऑफ इंटरप्रिटेशन’ मिळवा. ते सहसा 5 वर्षं ग्राह्य असतं. पाणथळीचा दर्जाही त्यातूनच कळतो. सर्वोच्च दर्जा असेल तर हद्दीपासून 150 फूट, मधला असेल तर 50 फूट पट्टा मोकळा सोडावा लागतो. साधारण दर्जाला पट्टा नाही. दीड एकरात 150 फूट गेले, तर घर, ड्राइव्हवे आणि सेप्टिक बसवणं अवघड होतं.

करार रिअल्टरने तयार केला असेल, तर सह्यांनंतर वकिलाला तपासणीसाठी कामकाजाचे 3 दिवस मिळतात. त्यात एक अट घालून घ्या : पर्यावरण खात्याचं हे पत्र येऊन बांधकामापुरती जागा निघाली नाही, तर करार रद्द आणि डिपॉझिट परत.

तोवर झाड तोडू नका, भराव टाकू नका. आयडाहोतल्या सॅकेट दांपत्याने आपल्या प्लॉटवर भराव टाकला, तेव्हा 2007 साली तो काढण्याचा केंद्राचा आदेश आला. शेवटी ते जिंकले, पण 2023 मध्ये.