चालत्या धाग्यास थांबविण्याची रीत

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवप्रदेशाजवळ उतरलेल्या 'विक्रम' यानातून 'प्रज्ञान' नावाची सहा चाकांची छोटी बग्गी बाहेर पडली. तिचे वजन अवघे २६ किलोग्रॅम होते. सुमारे दहा दिवस तिने तेथील मातीतील मूलद्रव्यांची तपासणी केली. पुढे चंद्रावरील रात्र जवळ येऊ लागली. ही रात्र पृथ्वीवरील १४ दिवसांएवढी दीर्घ असते आणि तीत पराकाष्ठेची थंडी पडते. तेव्हा २ सप्टेंबर रोजी बंगळूर येथील इस्रोच्या 'इस्ट्रॅक' केंद्राने प्रज्ञानचे काम थांबविले. ते कोणत्या क्रमाने थांबविले, हे पाहण्याजोगे आहे. बग्गी सुरक्षित जागी उभी करण्यात आली. मातीची तपासणी करणारी दोन्ही उपकरणे बंद करण्यात आली. त्यांनी जमविलेली माहिती विक्रमच्या द्वारा पृथ्वीवर आणली गेली. विद्युत्घट पूर्ण भरलेला होता आणि सौरफलक २२ सप्टेंबरला अपेक्षित असलेल्या सूर्योदयाच्या दिशेला वळविलेला होता. संदेश ऐकणारा ग्राहक मात्र मुद्दाम चालू ठेवला गेला. दोन दिवसांनी, ४ सप्टेंबरला सकाळी आठच्या सुमारास, विक्रमलाही अशाच रीतीने निद्रिस्त करण्यात आले.

वीज तोडून टाकली असती तरी बग्गी थांबलीच असती. परंतु थांबणे आणि नीट थांबणे ह्यांत अंतर आहे. हे अंतर चंद्रावरील यानापुरतेच मर्यादित नाही. पृथ्वीवरील कित्येक यंत्रांच्या आत बसविलेल्या लहानशा संगणकांत तेच अंतर दिवसातून असंख्य वेळा कसोटीस लागते. थ्रेड थांबविण्याचा प्रश्न तो हाच.

थ्रेड म्हणजे धागा. संगणकाची आज्ञावली एकाच ओळीने चालण्याऐवजी तिची अनेक कामे वेगवेगळ्या धाग्यांनी एकाच वेळी पुढे सरकत असतात. प्रोसेसर एकच असला तर तो क्षणभर एक धागा चालवितो, क्षणभर दुसरा. कोणता धागा केव्हा चालवावयाचा हे ठरविणे ऑपरेटिंग सिस्टिमचे काम होय. रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ह्यास आणखी एक अट जोडलेली असते, ती अशी की उत्तर बरोबर असून भागत नाही, ते ठरलेल्या मुदतीत आले पाहिजे. मोटारीच्या ब्रेकवर देखरेख करणाऱ्या संगणकाने योग्य निर्णय अर्ध्या सेकंदाने उशिरा दिला, तर तो निर्णय चुकीचाच म्हणावा लागेल. म्हणून अशा प्रणालीत प्रत्येक धाग्यास अग्रक्रम दिलेला असतो. वरच्या अग्रक्रमाचा धागा तयार झाला, की खालच्याने प्रोसेसर तत्काळ सोडावयाचा.

आता रुग्णाच्या शिरेतून थेंबाथेंबाने औषध देणारा एक पंप डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या आत तीन धागे आहेत असे समजू. पहिला मोटार चालवितो आणि किती औषध गेले व केव्हा गेले ह्या दोन आकड्यांची नोंद करतो. दुसरा ती नोंद वाचून, काही बिघडल्यास धोक्याची घंटा वाजवितो. तिसरा परिचारिकेने दाबलेली बटणे पाहतो. परिचारिकेने 'थांबा' हे बटण दाबले. तिसऱ्या धाग्याने पहिल्या धाग्यास तेथल्या तेथे नाहीसे केले. बहुतेक ऑपरेटिंग सिस्टिममध्ये अशी सोय असते आणि नवशिक्याचा हात प्रथम तिच्याकडेच जातो.

ह्याचे परिणाम काय होतील? मोटार चालू ठेवणारा विद्युत्संकेत एकदा दिला की बंद करण्याची आज्ञा येईपर्यंत तसाच राहील, अशी जोडणी असेल, तर धागा नाहीसा झाला तरी मोटार फिरतच राहील. आज्ञा देणारा गेला. त्याची शेवटची आज्ञा मागे राहिली. ही गोष्ट शिकणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही, कारण कागदावर आज्ञावली आणि यंत्र एकच भासतात.

दुसरा परिणाम अधिक गूढ आहे. नोंदीतील दोन आकडे एकमेकांशी जुळते राहावेत, म्हणून एक धागा ते लिहीत असता दुसऱ्याने त्यांना हात लावावयाचा नाही, असा दंडक असतो. त्यासाठी जे कुलूप वापरतात त्यास म्यूटेक्स म्हणतात. वाड्याच्या कोठीला एकच किल्ली असावी आणि आत जाणाऱ्याने ती कमरेला खोचून न्यावी, तसे हे आहे. बाकीच्यांनी दाराशी थांबावयाचे. पहिला धागा कुलूप घेऊन पहिला आकडा लिहितो आणि दुसरा लिहिण्यापूर्वीच नाहीसा होतो. नोंद अर्धवट राहते आणि किल्ली त्याच्याबरोबरच जाते. घंटा वाजविणारा दुसरा धागा दाराशी उभा असतो. त्याला किल्ली कधीच मिळणार नाही. मोटार फिरत आहे आणि घंटा मुकी झाली आहे! तपासणीच्या वेळी हा दोष शंभरदा दिसणार नाही, कारण दोन आकड्यांमधील तो सूक्ष्म क्षण शंभरदा साधला जाणार नाही. एकशेएकाव्या वेळी मात्र तो रुग्णाच्या उशाशी साधला जाईल.

कुलूप वेळेवर न सुटल्याने काय होते ह्याचा अनुभव १९९७ साली अमेरिकेच्या 'मार्स पाथफाइंडर' यानास आला. ४ जुलैला मंगळावर उतरल्यावर काही दिवसांनी त्याचा संगणक आपोआप पुन्हापुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. हवामानाची माहिती गोळा करणाऱ्या खालच्या अग्रक्रमाच्या धाग्याने कुलूप घेतलेले असे. वरच्या अग्रक्रमाचा धागा त्याची वाट पाहत असे आणि मधल्या अग्रक्रमाचे धागे खालच्यास पुढे सरकू देत नसत. महत्त्वाचे काम मुदतीत झाले नाही असे दिसताच प्रणाली स्वतःस नव्याने सुरू करी. अभियंत्यांनी पृथ्वीवर तसाच संगणक चालवून दोष शोधला आणि उपाय पाठविला: ज्याच्या हाती कुलूप आहे, त्याला वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम तेवढ्यापुरता द्यावा. तेथे कोणताही धागा मारला गेला नव्हता. किल्ली केवळ उशिरा परत येत होती. मारलेल्या धाग्याच्या बाबतीत ती येतच नाही.

म्हणून जाणते लोक धाग्यास मारीत नाहीत, थांबण्याची विनंती करतात. ठरलेल्या जागी एक खूण उभी करावयाची. धाग्याने आपल्या कामाच्या प्रत्येक फेरीच्या शेवटी, हातात कोणतेही कुलूप नसताना, ती खूण पाहावयाची. ती दिसल्यास मोटार बंद करावयाची, नोंद पुरी करावयाची, घेतलेली स्मृती परत करावयाची आणि मग स्वतः होऊन संपावयाचे. कोठे थांबणे निर्धोक आहे हे आतल्यासच ठाऊक असते, बाहेरच्यास नाही. साऱ्या युक्तीचे मर्म एवढेच आहे.

ही रीत सोपी दिसते, पण तिच्यात खाचखळगे आहेत. आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर, 'ही खूण येथे कोणी बदलीत नाही' असे समजून ती एकदाच वाचून ठेवू शकतो. मग धागा जुनीच खूण पाहत बसतो. त्यासाठी ती खूण अनेक धाग्यांमध्ये सामायिक आहे, असे आज्ञावलीत स्पष्ट सांगावे लागते. दुसरे असे, की धागा एखाद्या संदेशाची वाट पाहत झोपलेला असेल, तर त्याला खूण दिसणारच नाही. त्याला जागे करणारा संदेश धाडला पाहिजे, किंवा त्याने मुळातच मुदतीने झोपावे. प्रज्ञानचा ग्राहक चालू ठेवण्यामागील विचार ह्याच जातीचा होता: झोपलेल्याचा कान उघडा हवा.

रिअल-टाइम प्रणालीत ह्यावर आणखी एक फास आहे. विनंती करणारा धागा वरच्या अग्रक्रमाचा असून तो 'थांबलास का, थांबलास का' असे अखंड विचारीत राहिला, तर खालच्या धाग्यास प्रोसेसर मिळतच नाही. मग तो थांबणार तरी केव्हा? मालकाने नोकराचा हात धरून ठेवावा आणि काम का होत नाही म्हणून ओरडावे, तशी ही गत. विचारणाऱ्याने स्वतः झोपून वाट पाहिली पाहिजे, तीही बेमुदत नव्हे. वाट पाहताना, त्या धाग्यास लागणारे कुलूप आपल्याच हाती नाही ना, हेही पाहिले पाहिजे. नाही तर दोघेही एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकतील. धागा संपल्यावरही काम उरते. 'फ्रीआरटीओएस' ह्या प्रणालीत स्वतःच स्वतःस नाहीसे करणाऱ्या धाग्यास प्रणालीने दिलेली स्मृती मोकळी करण्याचे काम सर्वांत खालच्या अग्रक्रमाच्या, रिकाम्या वेळी चालणाऱ्या धाग्याकडे असते. प्रणालीला रिकामा वेळच मिळाला नाही, तर ही झाडलोट तुंबते.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्त्यांनीही हा धडा हळूहळू घेतला. 'जावा' ह्या भाषेत दुसऱ्या धाग्यास तडकाफडकी थांबविण्याची आज्ञा होती. ती वापरू नये असे तिच्या कर्त्यांनीच १९९८ साली जाहीर केले. पाथफाइंडरवर चालणाऱ्या 'व्हीएक्सवर्क्स' प्रणालीत, नाजूक काम चालू असता 'आता मला कोणी नाहीसे करू नये' असे धाग्यास सांगता येते. 'पॉझिक्स' ह्या प्रमाण नियमावलीप्रमाणे रद्द करण्याची सूचना सामान्यतः लगेच अमलात येत नाही. धागा ठरलेल्या ठिकाणी पोहोचला म्हणजे ती लागू होते, आणि जाण्यापूर्वीची आवराआवर कोणती हे त्यास आधी नोंदवून ठेवता येते.

तरीही एखादा धागा बिघडून विनंती ऐकेनासा झाला तर? पंपासारख्या यंत्रात त्या एकट्यास मारण्याचा मोह टाळावा हेच बरे. तेथे वॉचडॉग नावाचे स्वतंत्र घड्याळ असते. आज्ञावलीने त्यास ठरावीक काळात खूण दिली नाही, तर ते सारी प्रणाली नव्याने सुरू करते, आणि यंत्राची जोडणीच अशी केलेली असते, की त्या क्षणी मोटारीचा संकेत बंद होतो. अनेक अनुभवी अभियंते तर धागे मधूनच निर्माण करणे व संपविणे हा प्रकारच ठेवीत नाहीत. सर्व धागे प्रारंभी एकदाच उभे करतात आणि काम नसले की त्यांस झोपवितात. ही काटकसर नीरस दिसते खरी. पण मुदतींचा हिशेब आधी मांडून पाहता येतो तो तिच्यामुळेच.

२२ सप्टेंबर २०२३ रोजी बंगळूरहून विक्रम आणि प्रज्ञान ह्यांना हाका घालण्यात आल्या. दोघांकडूनही उत्तर आले नाही. परंतु १०० मीटरहून अधिक चालून प्रज्ञानने गोळा केलेली माहिती तोपर्यंत पृथ्वीवर पोहोचून तीन आठवडे होत आले होते.