पाठ : आपले पूर्वज कसे जगत होते?



धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतून एक प्रश्न पुष्कळदा निघतो. मुले विचारतात, "आपल्या वाडवडिलांनी एवढे सोसले तरी कसे?" आणि वडीलधारी माणसे मान खाली घालतात. या प्रश्नाचा आज विचार करू.

सतराव्या-अठराव्या शतकातील महाराष्ट्रातले गाव डोळ्यांपुढे आणा. सुतार नांगर करी, कुंभार मडकी देई, चांभार मोट शिवी. त्याबद्दल सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. तेच बलुते. महारही बलुतेदारच, पण त्याच्या कामाला सीमा नव्हती. वेस राखणे, परगावी निरोप नेणे, साऱ्याच्या रकमेबरोबर चालणे, अंमलदाराचे ओझे वाहणे, लाकडे फोडणे, मेलेली गुरे ओढणे. हाक आली की निघायचे. रात्र पाहायची नाही, आजार पाहायचा नाही.

गावाची शीव कोठून जाते, हे तो जाणून असे. दोन गावांचा तंटा पडला म्हणजे शिवेसाठी त्याची साक्ष घेत. आता विचार करा. ज्याच्या शब्दाने गावाची जमीन ठरे, त्याला त्याच गावच्या पाणवठ्यावर मज्जाव होता! म्हणजे तो अडाणी म्हणून खाली नव्हता. जन्मावरून खाली ठरविला होता.

मग सोसले का? हाडोळ्याचा तुकडा, बलुते आणि घरोघरची भाकरी यांनी त्याचे पोट गावाशी बांधले होते. काम नाकारले की तिन्हींवर गदा येई. चोखामेळा मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर राबत असता कूस कोसळून १३३८ साली गेले, असे परंपरा सांगते. ज्याचे अभंग लोक गात, त्याचीही राबण्यातून सुटका झाली नाही.

बाबासाहेबांनी ही गाठ नेमकी ओळखली. वतन हा मान नसून बेडी आहे, असे त्यांनी समाजाला पटविले. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी त्यांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बिल आणले. ते मंजूर झाले नाही. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने नष्ट झाली. ते पाहावयास बाबासाहेब नव्हते.

तेव्हा मुलांना सांगा : लाज राबणाऱ्याची नव्हे, राबवून घेऊन विटाळ मानणाऱ्याची. माणूस जन्माने नव्हे, कर्माने नीच ठरतो, हीच भगवान बुद्धांची वसल सुत्तातील शिकवण आहे.

पण एक जबाबदारी आपल्यावरही आहे. वतन कायद्याने गेले. मनातून गेले काय? सणाला "आमचा मान" म्हणून कोणी जुने गावकीचे काम पुढे करील, तर नम्रपणे नकार द्या. मजुरीचे काम असेल तर दाम ठरवून करा.

घरी चर्चेसाठी : आजी-आजोबांना त्यांनी पाहिलेली किंवा ऐकलेली गावकीची कामे विचारा व वहीत लिहून ठेवा. कोणते काम गावाच्या उपयोगाचे होते आणि कोणते केवळ हीनपणा लादण्यासाठी होते, हे मुलांना ठरवू द्या.

जय भीम!