यात्रा सुखरूप व्हावी : मद्य, नशा आणि वाहनचालक

दर्शन झाले की यात्रेकरूचे मन तृप्त होते. परंतु यात्रा सफल झाली असे म्हणता येते ते सर्व मंडळी सुखरूप घरी परतल्यावरच. पूर्वी भाविक पायी अथवा बैलगाडीने येत. आज बहुसंख्य भाविक जीप, मिनीबस वा खासगी बस भाड्याने ठरवून येतात आणि वेळ वाचावा म्हणून रात्रीचा वा पहाटेचा प्रवास करतात. अशा प्रवासात साऱ्या कुटुंबाचे प्राण एका चालकाच्या हाती असतात. तो चालक शुद्धीवर असणे ही यात्रेची पहिली गरज होय.

पहाटेचा धोका

रात्री मुक्काम पडतो. मंडळी भक्तनिवासात विसावतात, चालक मात्र वाहनतळावर राहतो. दिवसभराच्या शिणाने तो रात्री मद्य घेतो आणि पहाटे पाच वाजता गाडी सुरू करतो. ‘झोप झाली, आता उतरली’ असे त्यालाही वाटते व प्रवाशांनाही. हा समज घातक आहे.

शरीरातील मद्याचे विघटन प्रामुख्याने यकृत करते आणि त्याची गती ठरलेली असते. रक्तातील मद्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे ताशी १५ मिलिग्रॅमच्या आसपास घटते. समजा, मध्यरात्री बारा वाजता एखाद्याच्या १०० मिलिलिटर रक्तात १५० मिलिग्रॅम मद्य आहे. पहाटे पाच वाजता त्यातील सुमारे ७५ मिलिग्रॅम शिल्लक असते. कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे झोपून उठलेला हा चालक मर्यादेच्या अडीचपट मद्य घेऊन वाहनावर बसतो. ती मर्यादा गाठण्यास त्याला सकाळचे आठ वाजतात. लिंबू सरबत, कडक चहा, थंड पाण्याची आंघोळ यांनी तरतरी वाटते, पण मद्य लवकर उतरत नाही. त्याला काळ हेच औषध.

ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. मद्यामुळे ब्रेक दाबण्यास अर्धा सेकंद उशीर झाला तरी गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. घाटातील वळणावर एवढे अंतर जीवन-मरणाचे ठरते.

नशा केवळ मद्याची नव्हे

गांजा, अफू व भांग यांमुळेही अंतर व वेग यांचा अंदाज चुकतो. महाशिवरात्रीस काही ठिकाणी भांग घेण्याची प्रथा आहे. पोटातून घेतलेल्या भांगेचा परिणाम उशिरा सुरू होतो व कित्येक तास टिकतो. म्हणून ‘काहीच चढली नाही’ असे समजून वाहन सुरू करणारा वाटेत फसतो. सर्दीच्या व उलटीच्या अनेक गोळ्यांनीही झोप येते. घाटात त्रास होऊ नये म्हणून प्रवासी घेतात ती गोळी चालकास देऊ नये.

कायद्याची तरतूद

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ अन्वये मद्य वा अमली पदार्थाच्या अमलाखाली वाहन चालविणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, तर पुन्हा गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास अथवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कलम १८८ प्रमाणे अशा गुन्ह्यास चिथावणी देणाराही त्याच शिक्षेस पात्र ठरतो. ‘थोडीच घेतली आहे, चल’ असे म्हणणाऱ्या मालकाने वा प्रवाशाने हे ध्यानी घ्यावे.

शिक्षेपेक्षा तपासणीचा धाक

केवळ कायदा कडक केल्याने अपघात थांबतात काय? ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याचा अनुभव याबाबत बोलका आहे. तेथे १९८० मध्ये मद्याची मर्यादा ८० वरून ५० मिलिग्रॅमवर आणली गेली. परंतु डिसेंबर १९८२ मध्ये पोलिसांनी संशय नसतानाही रस्त्यावर कोणत्याही चालकाची श्वासतपासणी सुरू केली, तेव्हा मोठा फरक दिसला. १९८२ मध्ये त्या राज्यात रस्ते अपघातांत १,२५३ जण मृत्युमुखी पडले होते. १९८३ मध्ये ही संख्या ९६६ झाली. आपण पकडले जाऊ ही खात्री माणसाला अधिक सावध करते.

मुंबईत नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्रे येथील कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार चढून सात जणांचा बळी गेला. चालकाने मद्य घेतले होते. त्यानंतर २००७ पासून तेथील वाहतूक पोलिसांनी मद्यपी चालकांविरुद्ध नियमित मोहीम हाती घेतली. तथापि प्रत्येक रस्त्यावर, प्रत्येक पहाटे पोलीस उभा असू शकत नाही. यात्रेच्या गाडीत ही तपासणी यात्रेकरूंनाच करावी लागते.

यात्रेकरूंनी पाळावयाची पथ्ये

१) गाडी ठरवितानाच ‘आदल्या रात्रीपासून मद्य नाही’ ही अट मालकास व चालकास स्पष्ट सांगावी.
२) रात्रभराच्या प्रवासास दोन चालक घ्यावेत.
३) मुक्कामी चालकाच्या जेवणाची व झोपण्याची सोय मंडळींनी आपल्याबरोबरच करावी.
४) निघण्यापूर्वी समूहातील एका ज्येष्ठ व्यक्तीने चालकाशी दोन शब्द बोलावेत. मद्याचा वास, अडखळते बोलणे वा लाल डोळे दिसल्यास प्रस्थान पुढे ढकलावे.
५) चालकास ‘खुशी’ म्हणून मद्य वा त्यासाठी पैसे देऊ नयेत.
६) वाटेत संशय आल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवावयास सांगावी व ११२ क्रमांकावर मदत मागावी.

देणगीदारांसाठी

चालकाला दोष देणे सोपे असते. त्याला अंथरूण देणे अधिक उपयोगी. वाहनतळालगत स्वच्छ विश्रांतिकक्ष, स्नानगृह व वेळेवर प्रसादाचे भोजन मिळाल्यास रात्री गुत्त्याकडे वळणारी पावले थांबू शकतात. मद्यासक्ती हा आजार असून त्यावर उपचार आहेत. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, त्यास पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा आधार लाभला होता. असे दान एका घराचा कर्ता पुन्हा उभा करते आणि रस्त्यावरील अनोळखी जिवांचेही रक्षण करते.

पहाटेचे दर्शन दोन तास उशिरा झाले तरी भक्तीत उणेपणा येत नाही. चालक पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबणे हेही यात्रेचेच एक व्रत मानावे.