एन/10 लिहिलेली बाटली

दूध शीतकरण केंद्राच्या लॅबमध्ये मला तेव्हा चौथं वर्ष लागलं होतं. हात बसला होता. आणि हात बसला की डोळे जरा आळसावतात. मे महिना होता. संध्याकाळच्या संकलनात एका सोसायटीचे सहा कॅन आले. वास ठीक, चव ठीक. ॲसिडिटी लावली तर दहा मिली दुधाला 1.7 मिली कॉस्टिक गेलं, म्हणजे 0.153 टक्के. आमची मर्यादा 0.150. पुन्हा लावली, 1.7. तिसऱ्यांदा लावली, 1.7. तिन्ही रीडिंग जुळली म्हटल्यावर शंका कसली घ्यायची? रजिस्टरला लाल शाईने नोंद केली आणि कॅन परत पाठवले.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सचिव स्वतः टेम्पोत बसून आले. भांडले नाहीत. हातातली किटली टेबलावर ठेवून म्हणाले, "साहेब, ह्याचा चहा ठेवा. फाटला तर मी गुमान परत जातो."

चहा ठेवला. फाटला नाही. तसं पाहिलं तर त्याने सिद्ध काहीच झालं नव्हतं, कारण 0.153 ला दूध उकळताना फाटत नसतं, त्याला ॲसिडिटी बरीच वर जावी लागते. पण त्यांच्यासमोर तो चहा पिताना मला अवघडल्यासारखं झालं आणि उगीच काहीतरी करायचं म्हणून मी रजिस्टरची मागची पानं चाळू लागलो. महिन्याच्या सुरुवातीला सगळ्याच सोसायट्या 1.4, 1.5 वर होत्या. मग 1.6. एकट्या ह्यांचं दूध चढलं नव्हतं, सगळ्या तालुक्याचं चढलं होतं. बाकीचे काठावर वाचले होते, एवढंच. आणि मी रोज मनाशी म्हणत होतो, उन्हाळा आहे, चढणारच.

कपाटातून ऑक्झॅलिक ॲसिड काढलं. 1.576 ग्रॅम अचूक तोलून 250 मिलीच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत केलं, की ते बरोबर एन/10. त्याच्या दहा मिलीला आमचं कॉस्टिक दहा मिलीच लागायला हवं होतं. लागलं 11.3. म्हणजे ज्या बाटलीवर मी स्वतःच्या अक्षरात एन/10 लिहिलं होतं, तिच्यातलं कॉस्टिक 0.0885 नॉर्मल होतं. त्या हिशेबाने दुधाची खरी ॲसिडिटी 0.135. चांगलं, ताजं दूध.

चूक एका ठिकाणी नव्हती. कॉस्टिकच्या गोळ्या हवेतलं पाणी ओढतात. आमच्या बरणीतल्या तर एकमेकींना चिकटलेल्या होत्या. चार ग्रॅम तोलले त्यात पाणी किती आणि कॉस्टिक किती, देव जाणे. तिथेच पहिली तूट. मग तीन आठवडे बाटलीला बूच धड नव्हतं. काचेचं बूच कॉस्टिकने अडकून बसतं म्हणून कुणीतरी ते काढलं आणि वर कागद गुंडाळला. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरला की कॉस्टिकचा सोडियम कार्बोनेट होतो, आणि फिनॉल्फ्थॅलीनच्या रंगावर थांबलं तर त्या कार्बोनेटची निम्मीच ताकद कामी येते. द्रावण दुबळं झालं की ते जास्त लागतं, आणि जास्त लागलं की आपण दुधाला आंबट ठरवतो.

म्हणून नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो: तीन रीडिंग जुळणं म्हणजे तुमचा हात स्थिर आहे, बस्स. द्रावण खोटं असेल तर तिन्ही रीडिंग एकसारखी खोटी येतील. कॉस्टिक तोलून बनवलेलं कधीच धरायचं नाही. ते ऑक्झॅलिकशी लावून घ्यायचं, बाटलीवर तारीख आणि खरी नॉर्मॅलिटी लिहायची, रबरी बूच घट्ट बसवायचं, आणि उन्हाळ्यात तरी दर आठवड्याला पुन्हा लावायचं. पंधरा मिनिटांचं काम आहे.

नंतर विचार करताना एक गोष्ट मला टोचत राहिली. आमच्या आळसाच्या बहुतेक चुका एकाच बाजूला कलतात. ब्युरेट पाण्याने धुऊन ओलीच भरली, कॉस्टिकने विसळलीच नाही, तर कॉस्टिक पातळ होऊन रीडिंग वाढतं. नळीच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला आणि मध्येच सुटला, रीडिंग वाढतं. गुलाबी छटा फिकी, अर्धा मिनिट टिकेल एवढीच हवी. ती गडद होईपर्यंत थांबलात, तरी वाढतं. दूध पांढरं, त्यात फिकं गुलाबी पटकन दिसत नाही. शेजारी तेवढंच साधं दूध दुसऱ्या फ्लास्कमध्ये ठेवा, फरक लगेच कळतो. इंडिकेटरही अंदाजाने नको, दर वेळी तेवढाच; कमी पडला तर रंग उशिरा दिसतो. एक थेंब साधारण 0.05 मिली, म्हणजे टक्केवारीत 0.0045. काठावरच्या कॅनला दोन थेंब पुरतात.

उलट चुकाही आहेत. ब्युरेटवर फनेल तसंच राहिलं तर त्यातून थेंब गळून पातळी वर येते आणि रीडिंग कमी दिसतं. कॉलेजात शिकवतात की फ्लास्कमध्ये डिस्टिल्ड वॉटर कितीही घाला, फरक पडत नाही. दुधाच्या बाबतीत ते विसरा. पाणी वाढलं की दुधातल्या कॅल्शियम फॉस्फेटचं गणित बदलतं आणि ॲसिडिटी कमी येते. घालायचं तर दर वेळी मोजून, आणि उकळून गार केलेलं. नुसतं ठेवलेलं पाणी स्वतःच थोडं कॉस्टिक खातं. पण अशा चुका थोड्या. वाढवणाऱ्या जास्त, आणि त्यांची किंमत कॅन घेऊन येणारा माणूस मोजतो.

दोन दिवसांत बारा कॅन परत गेले होते. चाळीस लिटरचा एक. त्या दुधाचं घरोघरी दही लागलं, काही ओतलं गेलं. मी वरिष्ठांना लेखी कळवलं. परत गेलेल्या दुधाचं बिल काढायची सोय हिशेबाच्या वहीत नव्हती, आणि ते निघालं नाही. रजिस्टरमध्ये लाल 0.153 वर मी काट मारली नाही. शेजारी निळ्या शाईने 0.135 लिहून सही केली.